बीगलच्या पिल्लासाठी क्लिकर आणि सतरंजी : काही महिन्यांच्या वापरानंतर

पिल्लाचं नाव 'शांता' ठेवलं तेव्हा त्यातला विनोद घरात कुणालाच कळला नव्हता. बीगल ही जात इंग्लंडमध्ये सशाच्या शिकारीसाठी घडवलेली. वास काढत पुढे पळायचं आणि मागून येणाऱ्या शिकाऱ्याला ओरडून ठिकाण कळवायचं, हे तिचं पिढीजात काम. त्यामुळे 'भुंकणं कायमचं बंद' अशी हमी कुणी दिली तर पैसे खिशातच ठेवा.

क्लिकर म्हणजे टक् वाजणारी प्लॅस्टिकची छोटी डबी. कुत्र्याने हवं ते केलं की त्याच क्षणी टक्, मागोमाग खाऊ. बसणं, हाक मारल्यावर येणं, बेल वाजल्यावर दाराऐवजी आपल्याकडे बघणं, या गोष्टी शांता भराभर शिकली. दोन भुंकण्यांच्या मधली क्षणभराची शांतता टिपायची आणि ती हळूहळू लांबवत न्यायची. खाऊ म्हणजे तुरीच्या दाण्याएवढं पनीर, तेही रोजच्या जेवणातून वजा करून. बीगल फार लवकर सुटतात.

पण शांत बसायला शिकवताना क्लिकर मला नडलाच. टक् ऐकलं की ती टुणकन उठून उभी! तिथे जुनी सतरंजी कामी आली. शांता आपणहून तिच्यावर आडवी झाली, एका कुशीवर कलली, की न बोलता पुढच्या पंजांमध्ये खाऊ ठेवायचा. शाबासकी नाही, थोपटणं नाही. नंतर तीच सतरंजी गुंडाळून लिफ्टसमोर, गच्चीवर, सासूबाईंकडे नेली. आता ती पसरली की स्वारी आपोआप बसते. खरे गुण मी सतरंजीला देईन.

लक्ष वेधण्यासाठीच्या भुंकण्याकडे दुर्लक्ष करायचं ठरवलंत तर शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. ते कमी होण्याआधी चांगलंच वाढतं, आणि नेमकं तेव्हा आपण हात टेकले की 'आणखी जोरात ओरडलं की मिळतं' एवढंच पिल्लू शिकतं. आजीआजोबांना हे पटवणं शांताला शिकवण्यापेक्षा अवघड गेलं.

संध्याकाळी पायजमा चावत घरभर धिंगाणा चालायचा, तो मस्तीचा कमी आणि अपुऱ्या झोपेचा जास्त होता. या वयात पिल्लं दिवसातले सोळा-अठरा तास झोपतात. आमच्याकडे येणारा-जाणारा तिला उठवायचा. दुपारी खोलीचं दार लोटून घ्यायला लागलो, तसा तो प्रकार बराच आटोक्यात आला.

रस्त्यावर मात्र क्लिकर निरुपयोगी. मांजराचा वास आला की पनीरसुद्धा फिकं. तिथे लांब दोरी लावून तिला मनसोक्त हुंगू द्यावं. त्याने ती पळण्यापेक्षाही जास्त दमते.

कुकरच्या शिट्टीला ती अजूनही सूर लावते. गॅस बंद करायची आठवण त्यामुळेच राहते, म्हणून तेवढं शिकवणं आम्ही सोडून दिलंय.