इंजिन लाइट विझवून दिला, साडेचोवीस हजार घेतले

हिवाळाभर आई-बाबा बंगळूरला ताईकडे होते. त्यांची पेट्रोल गाडी इथे कोथरूडला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी. आल्यावर बॅटरी उतरलेली होती. ती चार्ज करून गाडी सुरू केली, तर डॅशबोर्डवरचा पिवळा इंजिन लाइट काही विझेना. बाबा गाडी घेऊन जवळच्या एका गॅरेजमध्ये गेले.

तिथल्या माणसाने स्कॅनर लावला, स्क्रीन स्वतःकडेच ठेवली आणि म्हणाला, "काका, ईसीएम गेलाय. तशीच चालवलीत तर इंजिनचं काम निघेल." ईसीएम म्हणजे इंजिन सांभाळणारा गाडीचा कंप्युटर. सत्तरीचा माणूस घाबरणारच. २४,५०० रुपये घेतले. संध्याकाळी गाडी मिळाली तेव्हा लाइट गेलेला होता.

खरी मेख इथेच आहे. कंप्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड स्कॅनरवरून पुसला की लाइट लगेच जातो, बिघाड मात्र तसाच राहतो. गाडीचा कंप्युटर नव्याने तपासणी करतो आणि बऱ्याच बिघाडांत लागोपाठ दोन फेऱ्यांत दोष सापडला तरच पुन्हा लाइट लावतो. तोवर पैसे मोजून आपण घरी आलेलो असतो.

लाइट परत आला तेव्हा मी गाडी दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. त्याने स्क्रीन माझ्यासमोरच धरली. कोड होता पी ०१३५, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या) हीटरचं सर्किट. टॉर्च मारून पाहिलं, तर सेन्सरकडे जाणारी वायर उंदराने कुरतडलेली, आतली तांब्याची तार उघडी पडलेली आणि शेजारी लेंड्या. मग मी त्याला ईसीएम बघायला सांगितला. त्याच्या बोल्टवर धुळीचा थर जसाच्या तसा होता, पान्याचा साधा ओरखडाही नाही. ज्याचे साडेचोवीस हजार घेतले, त्याला कुणी हातसुद्धा लावला नव्हता! वायर जोडून वर स्लीव्ह चढवायचे ६०० रुपये झाले.

तुमचीही गाडी बरेच दिवस उभी असेल तर आधी बॅटरी बघा. गाडी बंद असताना ती १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर चार्ज करा, कारण व्होल्टेज कमी पडलं तरी भलतेच कोड येतात. बोनेट उघडून वायरींवर नजर टाका. लाइट स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर दुसऱ्या मेकॅनिकला विचारण्याइतका वेळ हाताशी असतो. लुकलुकत असेल तर मात्र मिसफायर आहे, म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही; गाडी चालवू नका, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. आणि कोड पुसायच्या आधी स्क्रीनचा फोटो काढाच. घरातलं वयस्कर माणूस एकटं जाणार असेल तर त्यांना एवढं तरी सांगून पाठवा.

बाबांच्या बिलावर नुसतं 'ईसीएम रिपेअर' लिहिलंय. कोड नाही, जीएसटी क्रमांक नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे, कुरतडलेल्या वायरचे आणि त्या बोल्टचे फोटो जोडलेत. पैसे अजून परत आलेले नाहीत.