वन टू वन मॅथ्स ट्यूशनचा रिव्ह्यू: मॅडम भारी आहेत, पण घाई असेल तर जाऊ नका

मुलगी सातवीत. मॅथ्सचे मार्क कधी बरे, कधी एकदम आपटलेले, आणि आधीच्या क्लासला विचारलं की ठरलेलं उत्तर, सिली मिस्टेक्स आहेत, प्रॅक्टिस वाढवा. प्रॅक्टिस वाढवली, मिस्टेक्स पण वाढल्या. म्हणून बॅच सोडून ऑनलाइन वन टू वन लावली, बरेच जण विचारतात कशी आहे म्हणून एकदाच नीट लिहिते.

मॅडमचं बॅकग्राउंड आधी, कारण पहिला प्रश्न सगळ्यांचा तोच असतो. एमएससी मॅथ्स, मग बीएड, काही वर्षं शाळेत, आणि त्यानंतर एका कोचिंग क्लासमध्ये डाउट सॉल्व्हिंगला बसायच्या. माझ्या मते यातलं सगळ्यात कामाचं ते शेवटचं. डिग्र्या काय पुष्कळांकडे असतात हो, पण दिवसभर एकामागून एक पोरं येऊन "हे कळलं नाही" म्हणतात आणि नक्की काय कळलं नाही हे त्यांनाच सांगता येत नसतं, ते खोदून काढायची सवय त्यांना तिथे लागलीय आणि ती शिकवताना दिसते.

पहिल्या सेशनला त्यांनी काहीच शिकवलं नाही. नुसती गणितं दिली, त्यात चौथी-पाचवीची पण होती, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न, कसं केलंस सांग. बरोबर आलेल्याला पण! पोरगी वैतागली, आलंय ना बरोबर, मग काय आता. पण त्यातूनच सगळं बाहेर आलं. ०.३५ मोठं की ०.५ विचारल्यावर ही बिनधास्त ०.३५ म्हणाली, कारण काय तर ३५ हे ५ पेक्षा मोठे. आणि ८ + ४ = __ + ५ यात रिकाम्या जागी १२ लिहून मोकळी. उत्तर ७ यायला हवं. म्हणजे बरोबरच्या चिन्हाचा अर्थ तिच्या लेखी "आता उत्तर लिहा" एवढाच होता, दोन्ही बाजू सारख्या असतात हे डोक्यातच नव्हतं. वहीत बघितलं तर ३क्ष + ५ = २० हे गणित एका ओळीत २० − ५ = १५ ÷ ३ = ५ असं ओढत नेलेलं, म्हणजे २० − ५ बरोबर ५ झालं की. उत्तर बरोबर म्हणून कुणी तरी टिक मारून पुढे गेलेलं. समीकरणं जरा मोठी झाली की ही का गडबडते ते तेव्हा कळलं, याला सिली मिस्टेक म्हणत नाहीत.

त्यावर लेक्चर झालं नाही हे मला जास्त आवडलं. मॅडमनी फक्त चूक की बरोबर विचारत नेलं. ७ = ७? १२ = ८ + ४? हे दुसरं तिला चूक वाटलं, म्हणे उलटं लिहिलंय. मग ८ + ४ = ७ + ५? इथे ती बराच वेळ गप्प बसली आणि मॅडम पण गप्प, मी बाजूच्या खोलीतून ऐकत होते, मलाच राहवेना, पण बाई हूं की चूं नाही. शेवटी पोरगी स्वतःच म्हणाली की दोन्हीकडे बाराच होतात ना, मग बरोबर आहे. थांबता येणं हे मी तरी फार कमी टीचर्समध्ये बघितलंय.

आता "पर्सनलाइज्ड" या प्रकाराबद्दल. आधी ज्या एक-दोन ठिकाणी डेमो घेतले तिथे टेस्ट देऊन सांगितलं की तुमची मुलगी व्हिज्युअल लर्नर, म्हणजे बघून शिकणारी आहे, तिला त्याच पद्धतीने शिकवू. या मॅडमना ते सांगितलं तर हसल्या. आणि खरंच, २००८ मध्ये या लर्निंग स्टाइल्सवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला गेला होता, त्यात स्टाइलप्रमाणे शिकवलं की जास्त येतं याला पुरेसा पुरावा नाही असंच निघालं. तसंच ट्यूशनवाल्यांच्या जाहिरातीत बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाचा १९८४ चा पेपर हमखास असतो, वन टू वन शिकवलं की साधारण मुलगासुद्धा वर्गात शिकणाऱ्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो वगैरे. पुढच्या अभ्यासांत फायदा दिसला, पण एवढा नाही, तेव्हा ते वाचून फी भरू नका. इथे पर्सनलाइज्ड म्हणजे एवढंच की पोरगी कुठे अडलीय ते शोधायचं आणि तिथूनच सुरू करायचं, मग ते पाचवीचं का असेना.

होमवर्क थोडंच असतं, पण त्यात एखादं गणित महिन्यापूर्वीच्या धड्यातलं मुद्दाम घुसवलेलं असतं. विसरायला लागल्यावर परत आठवायला लावलं की जास्त टिकतं, हे तसं जुनंच आहे, पण पाळतं कोण.

आता तक्रारी. स्लो आहे, खूपच स्लो. शाळेत नवीन चॅप्टर सुरू आणि आमचं अजून दशांश अपूर्णांक, त्यामुळे पहिल्या युनिट टेस्टला मार्क जैसे थे आणि घरात वाद, सासूबाईंना तर अजूनही वाटतं बाई टाइमपास करते. परीक्षेच्या आदल्या दिवशी एक्स्ट्रा सेशन मागितलं तर सरळ नाही म्हणतात, झोपू द्या तिला. पालकांनी शेजारी बसायचं नाही. आणि फीडबॅक म्हणून जे व्हॉइस मेसेज पाठवतात ते ऐकायला चहा घेऊनच बसावं लागतं, मुद्दा शेवटी येतो. फी बॅचपेक्षा चांगलीच जास्त आहे, दहावी तोंडावर आली असेल आणि नुसता पोर्शन उरकायचा असेल तर पैसे वाया जातील.

मार्क आता वाढलेत, धाडकन नाही पण घसरत नाहीत, आणि मुख्य म्हणजे चुकलं तर कुठे चुकलं ते तीच दाखवते. डेमो घेणार असाल तर टीचर किती छान समजावते ते बघू नका, पोराला किती बोलतं करते ते बघा.

सायन्स घेतात का विचारू नका, घेत नाहीत, मी विचारून झालंय. त्यासाठी कुणी चांगलं माहीत असेल तर खाली सांगा.