'बाबांची आठवण' म्हणून विकले जाणारे पेन : इंदूरमधील एका फसवणुकीचा अनुभव

इंदूरच्या मराठी मंडळींत, विशेषतः राजेंद्रनगर, सुदामानगर आणि लोकमान्यनगर या भागांत, माँ ब्लाँ या जर्मन कंपनीचे शाईचे पेन 'बाबांची आठवण' म्हणून विकणारा एक गृहस्थ वावरतो आहे. त्याने मला ४२,००० रुपयांना दिलेले पेन बनावट निघाले. असेच पेन घेणारा मी एकटा नाही, हे नंतर समजले, आणि म्हणूनच हा सगळा व्यवहार तपशिलाने लिहीत आहे.

ज्यांना या वस्तूचे वेड नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. हॅम्बुर्ग येथील या कंपनीची मायस्टरश्ट्यूक ही मालिका १९२४ साली सुरू झाली आणि तिच्यातील १४९ क्रमांकाचे जाडजूड काळे पेन १९५२ पासून बाजारात आहे. टोपणाच्या माथ्यावर पांढरी तारका असते, निबेवर ४८१० हा आकडा कोरलेला असतो, आणि तो माँ ब्लाँ शिखराची मीटरमधील उंची सांगतो. निब १८ कॅरेट सोन्याची असते. शाई भरण्यासाठी मागची कळ फिरवून आतला दट्ट्या वर-खाली करायचा असतो, म्हणजे या पेनात कार्ट्रिज किंवा वेगळी नळी बसत नाही. नवे पेन आज भारतात लाखाच्या आसपास पडते. करारनामे आणि तहांवर सह्या करण्यासाठी हे पेन पुढे केले जाते, आणि वकील, डॉक्टर, सनदी अधिकारी यांच्या खिशात ते प्रतिष्ठेची खूण म्हणून मिरवते. नक्कल करणाऱ्यांचा डोळा याच प्रतिमेवर असतो.

विक्रेत्याची ओळख एका मराठी कार्यक्रमात झाली. चाळिशीच्या आसपासचा, नीटनेटका, इंदुरी वळणाचे पण स्वच्छ मराठी बोलणारा हा माणूस 'आपण मूळचे कुणीकडचे' यावरून सुरू करून दोन-तीन ओळखीच्या आडनावांपर्यंत सहज पोहोचला. त्याचे वडील डॉक्टर होते, १९७८ साली एका परिषदेसाठी हॅम्बुर्गला गेले असता त्यांनी तेथील दुकानातून हे पेन घेतले आणि अखेरपर्यंत त्यानेच लिहिले, अशी त्याची कहाणी होती. "काका, दुकानदाराला द्यायला जीव होत नाही. ज्याला कदर आहे त्याच्याकडेच जायला हवं," हे त्याचे वाक्य मला अजून जसेच्या तसे आठवते, आणि ग्वाल्हेरच्या ज्या वकिलांचा उल्लेख पुढे येईल त्यांनाही ते तसेच्या तसे आठवते.

पेन पाहण्यात घाई झाली नाही. त्याने स्वतःच घरी येऊन ते टेबलावर ठेवले, कळ फिरवून दट्ट्या दाखवला, माझ्या दौतीतली शाई भरू दिली आणि हवे तितके लिहू दिले. तारका जागेवर होती, ४८१० हा आकडा होता, सोन्याची शुद्धता सांगणारा ७५० हा छाप होता, क्लिपच्या कड्यावर अनुक्रमांक होता. जोडीला काळी पेटी आणि सेवा-पुस्तिका होती. निम्मी रक्कम त्याने रोख मागितली आणि उरलेली यूपीआयने, पण स्वतःच्या नव्हे तर 'मेहुण्याच्या' खात्यावर, कारण त्याच्या खात्यात म्हणे केवायसीची काही अडचण चालू होती. पावती म्हणून त्याने मोबाइलवर 'पेनाचे पैसे मिळाले, धन्यवाद काका' एवढा संदेश पाठवला. त्या संदेशात पेनाचे नाव नाही, क्रमांक नाही, ते अस्सल असल्याचा शब्दही नाही.

यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की ते पेन उत्तम लिहीत होते. कागदावर अडत नव्हते, शाई सांडत नव्हते, रेघ सारखी उमटत होती. याचे कारण समजून घेतले तर अशा पेनांच्या किमतीकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. सोने मऊ असते, म्हणून सोन्याच्या निबेच्याही टोकाला कठीण मिश्रधातूचा एक बारीक कण जोडलेला असतो आणि कागदाला तोच लागतो, सोने लागतच नाही. लिहिण्यातली सुखदता त्या कणाच्या घासणीवर आणि निबेखालच्या खाचांच्या पट्टीतून, म्हणजे फीडमधून, शाई किती समतोल उतरते यावर अवलंबून असते. जुन्या काळच्या आम्लयुक्त शायांनी साधे पोलाद गंजत असे, तेव्हा सोन्याच्या निबेला खरे व्यावहारिक कारण होते. न गंजणारे पोलाद आल्यावर ते बरेचसे उरले नाही. सोन्याच्या निबेला थोडी लवचीकता असते हे मान्य केले तरी अगदी मोठ्या निबेतही सोन्याचे वजन ग्रॅम-दीड ग्रॅमच्या पलीकडे जात नाही. तेव्हा लाखाच्या पेनातील लिहिण्याचा भाग बनावट मालातही बऱ्यापैकी साधता येतो, आणि जे साधता येत नाही ते लिहिताना हाताला कळत नाही.

संशय आला तो दट्ट्या जड फिरू लागल्यावर. भाचा मुंबईला जात होता, त्याच्याबरोबर पेन तेथील एका जुन्या कारागिराकडे पाठवले. कारागिराने टोपणात प्रखर टॉर्च धरला. अस्सल पेनाचे काळे रेझिन अशा उजेडात गडद लाल झळकते. हे ठार काळेच राहिले. त्याने पेन न उघडता परत केले आणि भाच्याला एवढेच विचारले, की हे १९७८ चे आहे असे सांगणाऱ्याने क्लिपचे कडे कधी पाहिले होते काय. क्लिपच्या कड्यावर अनुक्रमांक कोरण्याची पद्धत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीची आहे आणि क्लिपच्या आतल्या बाजूला 'पिक्स' हा शब्द दिसू लागला तो त्याच दशकाच्या उत्तरार्धात. माझ्या पेनावर दोन्ही होते. सेवा-पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर तर कंपनीच्या वेबसाइटचा पत्ता छापलेला होता, म्हणजे डॉक्टरसाहेबांनी १९७८ साली पेनाबरोबर इंटरनेटही आणले असावे. कहाणीची वाहवा होत असते तेव्हा पुरावा हातातच असतो.

निबेचा प्रश्न सराफ्यात सुटला. तेथे टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढून देणाऱ्यांकडे हल्ली कसोटीचा दगड न घासता यंत्राखाली धातू ठेवून त्यातील घटकांचे प्रमाण काढता येते. निब काढून यंत्राखाली ठेवली तेव्हा मुख्य आकडे लोखंड आणि क्रोमियमचे आले, सोने केवळ मुलाम्यापुरते. येथे एक गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी. दागिन्यांसाठी १६ जून २०२१ पासून हॉलमार्किंगची सक्ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली, पण घड्याळे आणि फाउंटन पेन त्या सक्तीतून वगळलेली आहेत. म्हणजे अंगठीवर जी सरकारमान्य खूण शोधायची आपल्याला सवय झाली आहे, ती पेनाच्या निबेवर नसणे हा दोष नव्हे, आणि तेथे जो ७५० चा छाप दिसतो तो केवळ बनवणाऱ्याचा शब्द असतो. बनवणारा कोण हेच जेथे संशयास्पद आहे तेथे त्या छापाची किंमत शून्य. टंच काढायला खर्च किरकोळ येतो; सोन्याची निब सांगून कोणी पेन विकत असेल तर पैसे देण्यापूर्वी त्याला सोबत घेऊन सराफ्यात जावे आणि तो जायला तयार नसेल तर व्यवहार तेथेच थांबवावा.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा तो रागावला नाही, दुखावला. "मी दिलं तेव्हा खरंच होतं काका, मुंबईला कुणी निब बदलली असेल," हे त्याचे उत्तर होते. या उत्तराची तयारी त्याने विक्रीच्या दिवशीच करून ठेवलेली होती, कारण पेन कोणते दिले याची नोंद कोठेच नव्हती. पोलीस ठाण्यात पहिल्यांदा गेलो तेव्हा हे दोन व्यक्तींमधले देणेघेणे आहे, दिवाणी दावा लावा, असे सांगण्यात आले. ग्राहक आयोगाचा मार्गही येथे अवघड होता. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा व्यापार करणाऱ्याविरुद्ध चालतो, आणि घरची वस्तू एकदाच विकणारा माणूस आपण व्यापारी नाही असे म्हणू शकतो. सायबर फसवणुकीसाठी असलेला १९३० हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक पैसे पुढे सरकण्याआधी ते अडवण्यासाठी खरा उपयोगी पडतो. महिने उलटल्यावर त्या खात्यात काय उरणार?

चित्र बदलले ते ग्वाल्हेरमुळे. नात्यातल्या एका लग्नात मी हा प्रकार सांगत असताना तेथील एका मराठी वकिलांनी आपल्या खिशातले पेन काढून दाखवले. वडील डॉक्टर, १९७८, हॅम्बुर्ग, सारे तेच. आम्ही दोन्ही पेनांची कडी शेजारी ठेवून पाहिली तर अनुक्रमांकही अक्षरशः एकच होता. नक्कल करणारे कारखाने एकच क्रमांक शेकडो नगांवर उठवतात, त्यामुळे ही एकच खूण त्या माणसाच्या निरागसपणाचा बुरखा उतरवण्यास पुरेशी आहे. एका डॉक्टरांनी एकाच क्रमांकाची दोन पेने घेतली असे तोही म्हणू शकत नाही. त्यानंतर दोघांच्या सहीचा अर्ज, टंचाचा कागद, यूपीआयचे तपशील आणि दोन्ही पेनांची छायाचित्रे जोडून भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीसंबंधीच्या कलम ३१८ खाली तक्रार दिली, आणि या वेळी ती घेतली गेली.

हे सगळे झाल्यावरही असे पेन घ्यावे का, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. नवे घ्यायचे असेल तर अधिकृत दुकानातून, अनुक्रमांक लिहिलेल्या बिलावर घ्यावे, आणि आपण पैसे प्रामुख्याने नावाला, घडणीला आणि पुढच्या दुरुस्तीच्या हमीला देत आहोत हे कबूल करून घ्यावे. ज्याला ते परवडते आणि आवडते त्याला मी अडवणार नाही. जुने, बिनबिलाचे पेन मात्र मी आता पोलादी निबेच्या साध्या पेनाच्या किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त देऊन घेणार नाही, मग सांगणारा कितीही आपला असो. लिहिण्याचे सुखच हवे असेल तर आंध्रातील राजमहेंद्रीच्या रत्नम् पेनांची १९३०च्या दशकापासूनची परंपरा आहे, तमिळनाडूत एबोनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची, पेने हाताने कातली जातात, कानपुरात चांगल्या निबा तयार होतात, आणि जर्मनीचेच लामी सफारी १९८० पासून पोलादी निबेवर जगभर लिहिते आहे. काही शेकड्यांत किंवा काही हजारांत ही सारी मिळतात. यातल्या देशी पेनांची नक्कल करण्यात कोणाला फारसा फायदा नाही, हा त्यांचा एक अधिकचा गुण.

जुन्या पेनाचा व्यवहार करायचाच असेल तर साध्या कागदावर पेनाचे नाव, अनुक्रमांक, निबेवरचे छाप आणि 'अस्सल नसल्यास पूर्ण रक्कम परत' हे वाक्य लिहून विक्रेत्याची सही घ्यावी, तो कागद आणि पेन एकत्र धरून त्याच्यासमोरच छायाचित्र काढावे, आणि रक्कम फक्त त्याच्याच नावाच्या खात्यावर पाठवावी.

इंदूर, ग्वाल्हेर, उज्जैन किंवा देवास येथे ज्यांनी डॉक्टर वडिलांच्या कहाणीसह असे पेन घेतले असेल त्यांनी ते रागाने फेकू नये किंवा दुसऱ्या कोणाला विकू नये, कारण बनावट आहे हे कळल्यावर पुढे विकणारा स्वतःच गुन्ह्यात सापडतो. क्लिपच्या कड्यावरचा क्रमांक उतरवून घ्यावा, पैसे कोणाच्या खात्यावर गेले ते बँकेच्या उताऱ्यात पाहावे आणि आपापल्या ठाण्यात लेखी अर्ज द्यावा. आमच्या तक्रारीत सध्या दोनच पेने आहेत; त्याच क्रमांकाचे तिसरे समोर आले तर त्या 'मेहुण्याच्या' खात्याचा पूर्ण तपास मागण्यास आम्हाला मोठा आधार मिळेल.