स्वयंरोजगारावर कॅनडा : अलकापुरीतील एका सल्लागार कार्यालयाचा अनुभव

माझे यजमान बडोद्याच्या दांडिया बाजारात तबल्याचे वर्ग घेतात. त्यांच्या स्थलांतराच्या अर्जासाठी आम्ही अलकापुरीतील एका सल्लागाराकडे गेलो. कागदपत्रांची छाननी तेथे खरोखर उत्तम झाली. कार्यक्रमांची मानधनपत्रे, शिष्यांच्या फीच्या पावत्या आणि आयकर विवरणपत्रे तेथील ताईंनी वर्षवार लावून दिली, कारण कॅनडाच्या केंद्रीय स्वयंरोजगार योजनेत अर्जापूर्वीच्या पाच वर्षांतला, कला किंवा क्रीडा क्षेत्रातील किमान दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. उत्तीर्ण होण्यास १०० पैकी ३५ गुण लागतात आणि त्या १०० पैकी भाषेला २४ आहेत, हेही त्यांनी नीट समजावले.

मात्र ३० एप्रिल २०२४ पासून या योजनेत नवे अर्ज घेणे थांबवले आहे, ही मूळ गोष्ट आगाऊ शुल्क भरेपर्यंत कोणीच सांगितली नाही, आणि ही चूक मी किरकोळ मानत नाही. कलावंताच्या घरात एवढी रक्कम सहज उभी राहत नाही. सल्लागार परवानाधारक आहे का, हे कॅनडातील त्यांच्या नियामक संस्थेच्या सार्वजनिक नोंदवहीत पाहता येते. ते पैसे भरण्याआधीच पाहावे. आम्हाला शुल्क परत मिळाले, पण अर्धेच.