टोपीखालचं ग्रीस

गॅरेजचं बिल अजून जपून ठेवलंय. पिवळ्या पॅडचा कागद, त्यावर ना जीएसटी नंबर ना सही. निळ्या पेनाने लिहिलंय: ‘चारी चाकं हब ग्रीसिंग, दोन्ही डिफरन्शियल ऑइल चेंज, ऑइल ५ लि., ग्रीस ३ किलो, मजुरी.’ (हब म्हणजे चाकाच्या मधला, बेअरिंग बसतात तो भाग; डिफरन्शियल म्हणजे ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा.) एकूण ७,४०० रुपये. यातलं खरं एवढंच, की पैसे मी दिले.

गाडी म्हणजे वडिलांची १९८४ची सीजे थ्रीबी जीप, उंच बॉनेटवाली. रोज कोथरूडहून ऑफिसला मी बसनेच जातो. जीप निघते ती पावसाळ्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत. वडील होते तोवर दर पावसाळ्याआधी आणि नंतर हब खोलणं हा घरचा सणच असायचा. जुनी बनियन, रॉकेलचा डबा आणि ‘हात लावू नकोस, नुसतं बघ’. मी नुसतं बघितलं, तिथेच घोटाळा झाला. स्वतः करायची वेळ आली तेव्हा सिंहगड रोडला एक गॅरेज शोधलं. दारात दोन जिप्सी आणि एक थार उभी होती, भिंतीवर ट्रेलचे फोटो लावलेले. मी लगेच भुललो.

‘संध्याकाळी घेऊन जा दादा,’ मालक म्हणाला. चार हब आणि दोन डिफरन्शियल एका दिवसात? शंका यायला हवी होती. उलट मला वाटलं, काय फास्ट काम आहे!

संध्याकाळी गाडी धुऊन उभी होती. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध असते ती पत्र्याची टोपी त्याने माझ्यासमोर स्क्रू ड्रायव्हरने उचकली. आत पिवळंधमक ताजं ग्रीस भरलेलं. ‘बघा, फुल पॅक केलंय.’ मी मान डोलावली आणि जीपे केलं. मराठीत टोपी घालणं म्हणतात ते माझ्याबाबतीत अक्षरशः झालं.

जुलैत आम्ही तिघे मढे घाटाकडे निघालो. नसरापूर, वेल्हे, तिथून केळद. वाटेत एका ओढ्यात गाडी घातली. गुडघाभर पाणी, विशेष काही नाही. परतताना वेल्ह्याच्या अलीकडे उतारावर पुढच्या डाव्या चाकातून घूंऽऽ असा आवाज यायला लागला. वेग कमी केला की कमी, वाढवला की जास्त. टायरचा असेल म्हणून पाच-सहा किलोमीटर तसाच रेटला, हा माझा गाढवपणा. थांबून हब बघितला तर हात लावायची सोय नव्हती. बाटलीतलं पाणी शिंपडलं तर चर्र झालं. टोपीच्या कडेने ते पिवळंधमक ग्रीस तेलासारखं वितळून रिमवर ओघळलं होतं. नसरापूरपर्यंत वीसच्या वेगाने आलो आणि पुढे साडेतीन हजार देऊन क्रेनवर.

यावेळी गाडी नेली ती खडकीला लष्करी वर्कशॉपमध्ये उभी हयात गेलेल्या एका काकांकडे. वडिलांच्या ओळखीचे. आता घराच्या अंगणातच, वाटलं तर काम करतात. त्यांनी हत्यार हातात घ्यायच्या आधी बिल मागितलं. वाचून हसले.

‘पाच लिटर? अरे, हिच्या एका डिफरन्शियलमध्ये सव्वा लिटरच्या आत ऑइल बसतं. दोन्हींचं मिळून अडीच लिटर नाही. भरायच्या प्लगच्या काठापर्यंत लेव्हल असते, जास्त ओतलंस तर अंगावर येतं. उरलेलं काय त्याने प्यायलं?’

मग टोपी काढली, सर्क्लिप म्हणजे अडकवलेली कडी काढली, सहा बोल्ट खोलून फ्लँज, म्हणजे हबवरची जाड चकती, ओढला. आत दोन मोठे नट आणि त्यांच्या मधे लॉक वॉशर. या वॉशरची पाकळी नटाच्या बाजूवर वाकवलेली असते, म्हणजे नट आपोआप सुटत नाही. बेअरिंग बाहेर काढायचं तर ही पाकळी सरळ करावीच लागते आणि परत लावताना दुसरीकडून वाकवावी लागते, बरेचदा वॉशरच नवा टाकतात. आमच्या वॉशरची पाकळी जिथल्या तिथे, गंज धरून बसलेली. तिला कित्येक वर्षांत कुणी हात लावलेला नव्हता. टोपीत दोन बोटं ग्रीस आणि त्यामागे फ्लँजच्या आत वडिलांच्या काळातलं ग्रीस, काळं, वाळून डांबरासारखं झालेलं.

या हबमध्ये दोन टेपर, म्हणजे निमुळती, बेअरिंग असतात, एक आत, एक बाहेर. टोपीतलं ग्रीस बाहेरच्या बेअरिंगपर्यंतसुद्धा धड पोचत नाही, आतल्याचा तर प्रश्नच नाही. बेअरिंग रॉकेलने धुऊन, वाळवून, तळहातावर ग्रीस घेऊन रोलरच्या मधून दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत दाबून भरायचं असतं. वडील नेमकं हेच करायचे आणि मी शेजारी उभा राहून कंटाळायचो. आमचं आतलं बेअरिंग तापून निळं पडलं होतं. त्याची रिंग स्पिंडलवर, म्हणजे बेअरिंग ज्यावर बसतं त्या दांड्यावर, फिरून स्पिंडलला खाच पडलेली.

वर टोपीतलं ते ग्रीससुद्धा चुकीचं. काकांच्या मते साधं चासीचं, कॅल्शियमवालं. ते शंभर अंशांच्या आसपास पातळ होतं. लिथियमचं साधारण एकशेऐंशीपर्यंत तग धरतं. घाट उतरताना ड्रमची सगळी उष्णता हबमध्येच येते, म्हणून तिथे लिथियमच हवं. आणि जुनं पूर्ण धुतल्याशिवाय त्यावर दुसऱ्या जातीचं भरायचं नाही, काही ग्रीसचं एकमेकांशी जमत नाही.

मी काकांना म्हटलं, मागच्या चाकांचं तरी केलं असेल. त्यांनी मला हब ओढून काढायचा पुलर दाखवला, तीन पायांचा, सात-आठ किलोचा. या जीपचे मागचे हब टेपर शाफ्टवर इतके घट्ट बसतात की पुलरशिवाय हलत नाहीत. ‘त्याच्याकडे असा होता?’ मी आठवून बघितलं. त्या गॅरेजमध्ये अलॉय व्हील होते, एलईडी बार होते, कॉफी मशीनसुद्धा होतं.

मी गॅरेजवर गेलो तेव्हा मालकाचं उत्तर तयार होतं. ‘दादा, तुम्ही गाडी पाण्यात घातली ना? मग ग्रीस वाहून जाणारच. डिफरन्शियलचं ऑइलपण बघा, पाणी असेल त्यात.’ आणि खरंच होतं. पुढच्या डिफरन्शियलमधून कॉफीसारखं दुधाळ ऑइल निघालं होतं. मी क्षणभर गप्पच झालो, कारण ओढा माझाच होता. तापलेला ॲक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते. वरचा ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायची वाट, मातीने बुजलेला असेल तर ती हवा सीलमधून पाणी आत ओढते. माझा ब्रीदर बुजलेला होता, हेही खरं.

पण २०२१ मध्ये मी चासीला आणि दोन्ही ॲक्सलना काळा रंग मारला होता, प्लगसकट. काकांनी प्लग खोलायच्या आधी मोबाईलवर फोटो काढायला लावला होता. प्लगच्या कडेभोवतीचा रंग अखंड, एकही तडा नाही. पाना लागला असता तर रंग फुटलाच असता. पाणी काल शिरलं की चार वर्षांपूर्वी, ते सोडा, प्लगच उघडला नव्हता तर ऑइल बदललं कुठून? फोटो बघून मालक म्हणाला, ‘पोराने केलं नसेल, मी बघतो.’ पंधराशे परत दिले. त्यानंतर फोन उचलत नाही.

ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि १९१५ हा हेल्पलाइन नंबर आहे. पण पॅडवरच्या कच्च्या बिलावर किती भांडणार, म्हणून मी अजून तळ्यात-मळ्यात आहे. पक्कं बिल मागा, त्यावर ऑइलचा ग्रेड आणि लिटर लिहून घ्या. मी त्या वेळी अठरा टक्के जीएसटी वाचवायला गेलो होतो.

आता मी काय करतो ते सांगतो, हसलात तरी चालेल. गाडी देण्याआधी बायकोची लाल नेलपॉलिश घेऊन खाली शिरतो आणि प्रत्येक प्लगवरून ॲक्सलवर एक आडवी रेघ ओढतो. टोपीभोवतीच्या फ्लँजच्या बोल्टांवरही. मग फोटो. परत आल्यावर रेघ जुळत असेल तर काम झालेलं नाही. जुनं बेअरिंग, सील, लॉक वॉशर सगळं पिशवीत परत मागतो. ऑइल बदललं म्हणाले की प्लग काढायला लावून बोट बुडवतो. डिफरन्शियलच्या नव्वद नंबरच्या ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो, विसरता न येणारा. काळं आणि बिनवासाचं असेल तर इंजिनचं वापरलेलं ओतलंय असं समजा. आणि चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवतो. टप टप लागलं तर खेळ आहे, म्हणजे बेअरिंग सैल. अगदीच घट्ट फिरत असेल तरीही वाईट. काका चाक फिरवत नट आवळतात, मग साधारण एक षष्ठांश फेरा सैल सोडतात.

जिप्सीवाल्यांनीही पुढच्या गोल नकलकडे, म्हणजे ॲक्सलच्या टोकाला चाक वळतं त्या गोळ्याकडे, बघावं. सील गेलं की आतलं ग्रीस आणि डिफरन्शियलचं ऑइल एक होऊन टायरच्या आतल्या बाजूला काळे ओघळ येतात. गॅरेजवाले ते पुसून देतात आणि गाडी सुंदर दिसते.

नाना पेठेत १८५९० आणि १८५२० असे नंबर सांगून बेअरिंग आणि कप (त्याची बाहेरची रिंग) मिळाले. दुकानदाराने डबा उघडून, नंबर कोरलेला दाखवून दिला. स्पिंडल जुन्या बाजारात तिसऱ्या रविवारी सापडला, घासाघीस करून बाराशेला. डाव्या बाजूचं काम झालं. उजव्या बाजूलाही जुनंच ग्रीस होतं, पण बेअरिंग वाचले. मागचा उजवा हब मात्र अजून हलायला तयार नाही. पुलर लावून, नट आवळून काकांनी तो रात्रभर ताणावर ठेवलाय आणि मला बजावलंय, समोर उभा राहू नकोस, सुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा येतो.