बोंडूचा पिंजरा: दोन विकतचे, एक बनवून घेतलेला

माझं शिलाईचं काम. दारव्हा तालुक्यात आमचं गाव, ओसरीवरच मशीन मांडलेली. टेप सकाळी गळ्यात पडतो तो रात्री निघतो. हे आधी सांगते, कारण पुढची सगळी मापं मी त्या टेपनं स्वतः घेतलेली आहेत.

मागच्या दिवाळीला माझा भाऊ नागपूरहून आला आणि लेकीसाठी हॅमस्टर, म्हणजे उंदरासारखा पाळायचा प्राणी, घेऊन आला. पांढरा, पाठीवर सोनेरी पट्टा, मुठीएवढा जीव. फुटलेल्या कपाशीच्या बोंडासारखा दिसतो म्हणून लेकीनं नाव ठेवलं बोंडू. सोबत दुकानातूनच घेतलेला पिंजरा होता. गुलाबी तारा, खाली निळा ट्रे, आत एक माडी, शिडी आणि चाक. किंमत ८५० रुपये. दिसायला फार गोड. पोरीनं तो दोन दिवस गावभर दाखवला.

तिसऱ्या रात्री आवाज सुरू झाला. लग्नसराईचे ब्लाउज होते म्हणून मी दीड वाजेपर्यंत मशीनवर होते. कड कड कड, मग थांबायचं, मग पुन्हा. आत्याबाईंना वाटलं गव्हाच्या कोठीला उंदीर लागले. बॅटरी घेऊन पाहिलं तर बोंडू तार दातात धरून ओढत होता. एकाच कोपऱ्यात, रात्र रात्र. पंधरा दिवसांत नाकावरचे केस घासून गेले, खालची गुलाबी कातडी दिसायला लागली. मला ते पाहवत नव्हतं.

तेव्हा टेप लावला. तळ १२ इंच बाय ९ इंच. माझ्या मशीनची फळी याहून मोठी आहे. दुकानदारानं भावाला सांगितलं होतं, "दोन मजली आहे, भरपूर जागा." पण माडी म्हणजे तळहाताएवढी फळी, तीही जाळीदार. हॅमस्टरला दूरचं नीट दिसत नाही, उंचीचा अंदाज येत नाही, तो पडतो आणि त्याला लागतं. म्हणून पिंजरा घेताना मजले मोजू नका, तळ मोजा. चाक साडेपाच इंचांचं होतं. बोंडू त्यात पळायचा तेव्हा त्याची पाठ उलटी वाकायची, अगदी कोयत्यासारखी. बोंडूच्या जातीला, म्हणजे सोनेरी हॅमस्टरला, निदान ११ इंचांचं चाक लागतं, पळताना पाठ सरळ राहिली पाहिजे. आणि पळायची जागा सलग हवी. दांड्यांच्या चाकात पाय अडकतो.

भावाची मुलगी नागपूरला प्राणीशास्त्र शिकते. तिला फोन केला. ती म्हणाली, "आत्या, जर्मनीतली प्राणीकल्याणासाठी काम करणाऱ्या पशुवैद्यांची संघटना कमीत कमी १०० बाय ५० सेंटिमीटर तळ सांगते, उंची ५०." मी हिशेब केला. आमचा पिंजरा त्याच्या सातव्या हिश्श्याचाही नव्हता.

दुसरा पिंजरा ऑनलाइन मागवला, २,३५० रुपये. कुरिअर गावात येत नाही, दारव्ह्याला जाऊन आणला. फोटोत मोठा दिसला होता. मोजला तर साडेअठरा इंच बाय १२. बाहेर फिरणाऱ्या रंगीत नळ्या होत्या, पोरीला त्याच आवडल्या. नळीत ओल धरायची, वास यायचा, आणि दर दोन दिवसांनी ब्रश घालून धुवावी लागायची. पूर्ण वाढलेला सोनेरी हॅमस्टर त्यात कसाबसा वळतो. खालचा ट्रे फक्त ४ इंच खोल, म्हणजे भुसा घालून घालून किती घालणार? आणि दाराची प्लॅस्टिकची कडी. जानेवारीत एका रात्री त्यानं ती कुरतडून उघडली. सकाळी पिंजरा रिकामा. पोरगी शाळेत गेली नाही. मांजर ओसरीवरच बसलेली, माझा जीव थाऱ्यावर नव्हता. संध्याकाळी तो तुरीच्या पोत्यांमागे सापडला. गाल फुगलेले, दोन्ही गालांत तूर! बाजूला दाण्यांचा छोटा ढीगही करून ठेवला होता.

तो ढीग पाहून माझे मालक म्हणाले, "हे शेतातलं जनावर हाय. त्याले माती पाह्यजे, तू त्याले माडी देऊन राह्यली." आणि खरंच तसं आहे. भाचीनं सांगितलं, हे मूळचे सीरियातल्या अलेप्पो भागातले. १९३० साली तिथल्या शेतात एक मादी आणि तिची पिल्लं खणून काढली, आज घरोघरी पाळलेले बहुतेक सोनेरी हॅमस्टर त्यांचेच वंशज. तिथं ते शेतात बीळ करून राहतात, बिळं फूटभरापासून मीटरभर खोल. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या संशोधकांनी १०, ४० आणि ८० सेंटिमीटर भुशात हॅमस्टर ठेवून पाहिले होते, तो अभ्यास २००६ साली छापला गेला. १० सेंटिमीटरवाल्यांनी तारा जास्त चावल्या. मला आमच्या रात्रीच्या कडकडीचं कारण तिथं मिळालं. तो बाहेर यायला धडपडत होता असं आम्ही समजत होतो. त्याला तर खाली जायचं होतं.

मग तिसरा पिंजरा तालुक्याच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेतला. कागदावर मापं काढून नेली. ते म्हणाले, "ताई, कोंबड्यायचं खुराडं पाह्यजे का तुम्हाले?" काय पाळलंय ते सांगितल्यावर दोन मिनिटं गप्प राहिले, पण काम मन लावून केलं.

माप ४ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच. खालचा एक फूट बंद: तळ आणि तीन बाजू पत्र्याच्या, समोर ५ मिलिमीटरची काच. वरचा एक फूट चारही बाजूंनी स्टीलची जाळी, अर्ध्या इंचाची. पूर्ण वाढलेल्या सोनेरीला अर्धा इंच चालतो. लहान जातीचे बुटके हॅमस्टर त्यातून निघून जातील, त्यांना पाव इंचाची घ्या. वरचं झाकण बिजागरीवर पूर्ण उघडतं. आतल्या सगळ्या कडा कानशीनं घासून घेतल्या. रंग फक्त बाहेरून, तोही वास जाईपर्यंत पंधरा दिवस अंगणात ठेवून. काचवाले भाऊ म्हणत होते की पूर्ण काचेचाच करा, माशाच्या टाकीसारखा, छान दिसतो. थंड गावात ठीक असेल. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो. बंद काचेत त्या जिवाची भट्टी होईल. जाळी हवीच.

खर्च: अँगल, पत्रा, जाळी आणि मजुरी ३,६०० रुपये, काच ४५०, चाक वेगळं मागवलं ७८०. एकूण ४,८३०. आत्याबाई म्हणाल्या, "काऊन व, पोरीच्या खाटेएवढं घर त्या उंदराले?" आता त्याच रोज संध्याकाळी काचेपुढं बसतात, कारण बोगदे काचेतून दिसतात. कुठं दाणे ठेवले, कुठं झोपला, सगळं.

आत काय घालायचं यात मी सगळ्यात जास्त चुकले असते. आमच्या घरात कापूस आणि दोरा या दोनच गोष्टी भरपूर, आणि दोन्ही त्याला चालत नाहीत. लेकीनं वेचणीचा कापूस मूठभर आणून त्याला गादी केली होती. मी तो लगेच काढला. धागा पायाला गुंडाळला की रक्त थांबतं, गालात किंवा पोटात गेला की अडकतो. दुकानात मिळणारी मऊ कापसासारखी गादी तीच, घेऊ नका. साधा बिनवासाचा टिशू फाडून द्या, घरटं तो स्वतः करतो. सॉ मिलचा भुसा फुकट मिळतो, पण त्यात सागाची बारीक धूळ असते, ती नाकाडोळ्यांना झोंबते. सोयाबीनचं कुटार टोचतं. मी कागदाच्या पट्ट्या आणि मऊ वाळलं गवत असे थर दाबून १० इंच भरते. थर दाबले की बोगदा ढासळत नाही. एका कोपऱ्यात धुऊन तव्यावर भाजलेली नदीची वाळू वाडग्यात ठेवली आहे, तिथं लोळतो आणि लघवीही बहुतेक तिथंच करतो.

उन्हाळ्यात खरी परीक्षा झाली. पत्र्याच्या खोलीत ४२ आणि मातीच्या भिंतीच्या जुन्या खोलीत ३३, मी थर्मामीटर ठेवून पाहिलं. पिंजरा जुन्या खोलीत हलवला. ३३ सुद्धा त्याला जास्तच, म्हणून आत फुटक्या माठाचा अर्धा भाग पालथा घातला आणि फरशीचा एक तुकडा. दुपारभर तो त्या फरशीवर पोट टेकून पडलेला असायचा. कूलरचा वारा थेट लावला नाही, खोलीत फिरू दिला. लाइन गेली की ओला बारदाना जाळीच्या एका बाजूला बाहेरून टांगायचो, आतले थर ओले होऊ न देता. पाण्याच्या बाटलीच्या नळीतली गोळी अडकली तर नाही ना, हे दिवसातून दोनदा बोटानं बघायची. असा पूर्ण मे काढला.

मुंग्या चढू नयेत म्हणून पिंजऱ्याखालच्या स्टुलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत आहेत, जुन्या जाळीच्या कपाटाला ठेवायचो तसे. मांजर दोनदा झाकणावर चढली, काही झालं नाही.

यात उणीव आहे ती माझ्याच मापाची. समोरचं दार मी ८ इंचांचं सांगितलं, त्यातून ११ इंचांचं चाक जात नाही, दर वेळी झाकण उघडावं लागतं. दार १२ इंचांचं करा, आणि भरलेल्या थरांच्या वरच्या पातळीला. शिवाय वजन जबर आहे, दोघांनी उचलावा लागतो. जागा आधी ठरवा, मग बनवा.

आणि एका पिंजऱ्यात एकच. भाऊ जोडीला दुसरा आणतो म्हणाला होता, मी नको म्हटलं. सोनेरी हॅमस्टर मोठे झाले की एकमेकांना मरेस्तोवर चावतात. एवढी मोठी जागा पाहून तो मोह होतो, म्हणून लिहिते.

तारेवरचे दात महिनाभरात बंद झाले. नाकावर केस परत आले, थोडे फिकट. ८५० वाला गुलाबी पिंजरा मी टाकला नाही. मोठा पिंजरा साफ करताना अर्धा तास बोंडू त्यात बसतो, तेवढ्यापुरता तो चांगला आहे.