पर्यायी इतिहासासाठी वळण कुठले: लंडन १९४९ की गिनी १९५८?

साम्राज्य आणि त्याच्या जुन्या वसाहती यांचे नाते वेगळ्या वाटेने गेले असते तर, यावर कादंबरी लिहायची म्हटली की इतिहास नेमका कुठे वळवायचा इथेच गाडी अडते. माझ्यापुढे दोन जागा होत्या. एक, एप्रिल १९४९ची लंडन घोषणा, जिने प्रजासत्ताक होऊ घातलेल्या भारताला राष्ट्रकुलात राहण्याची वाट करून दिली. दुसरी, २८ सप्टेंबर १९५८चे सार्वमत: फ्रान्सचे नेते द गॉल यांच्या फ्रेंच समुदायात, म्हणजे फ्रान्सच्या पुढारपणाखालच्या संघात राहायचे (‘होय’) की लगेच बाहेर पडायचे (‘नाही’), हे आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतींनी सांगायचे होते.

लंडनचा मोह पडतोच. माणसे ओळखीची, कागदपत्रे वाचता येणारी. शिवाय ब्रिटनच्या १९४८च्या नागरिकत्व कायद्याने राष्ट्रकुलातल्या नागरिकांना तिथे जाऊन राहण्याची मुभा होती, तिला १९६२मध्ये कात्री लागली. ती लागलीच नसती तर? या एका प्रश्नावर चांगली कादंबरी उभी राहील असे मला आजही वाटते.

मला नडली ती फाळणी. भारत राष्ट्रकुलाबाहेर पडल्याचे दाखवायला गेलो की लगेच पाकिस्तानने काय केले ते सांगावे लागे, मग काश्मीर, मग निर्वासितांच्या छावण्या. नेहरूंच्या तोंडी लंडनमधले एक वाक्य घातले तरी त्याच्या पाठीमागे १९४७ येऊन उभे राहायचे. मसुदा ज्या मित्रांना वाचायला दिला, ते तासभर पंजाबवर बोलले; लंडनचा विषय कुणी काढलाच नाही. त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. ती जखम इतकी मोठी आहे की तिच्या शेजारी दुसरे काही नजरेत भरत नाही.

१९५८मध्ये सगळे एका मतपेटीवर येऊन ठेपते. सेकू तुरे यांच्या गिनीने ९५ टक्क्यांहून अधिक मतांनी ‘नाही’ म्हटले आणि २ ऑक्टोबरला तो देश स्वतंत्र झाला. फ्रान्सने अधिकारी, तंत्रज्ञ माघारी बोलावले. जाताना सामान आणि कागदपत्रेही हलवली. शेजारच्या आयव्हरी कोस्टने ‘होय’ म्हटले. तिथले नेते ऊफुए-ब्वान्यी तर तेव्हा फ्रान्सच्या मंत्रिमंडळात होते. पुढे १९६०मध्ये तोही देश स्वतंत्र झाला, पण सीएफए फ्रँक, म्हणजे फ्रेंच फ्रँकशी बांधलेले वसाहतकाळातले चलन, तसाच राहिला. जानेवारी १९९४मध्ये त्याची किंमत निम्म्यावर आणली गेली: ५० सीएफएला मिळणारा फ्रेंच फ्रँक १००ला मिळू लागला. आयव्हरी कोस्टच्या अबिजान शहरातल्या औषधाच्या दुकानात आयात केलेल्या गोळ्यांचा भाव पुसून नवा लिहिला जातोय, एवढ्या प्रसंगात सारे नाते दाखवता येते.

अडचणी इथेही आहेत. बरीचशी साधने फ्रेंचमध्ये आहेत आणि मराठी वाचकाला ही नावे परकी वाटतात. लघुकथाच लिहायची असेल तर लंडन सोपे पडेल, कारण ओळख करून देण्यात पाने जात नाहीत.

कादंबरीसाठी मात्र मी १९५८च सुचवेन, आणि त्यातही नायजर ही फ्रेंच वसाहत. तिथले नेते जिबो बाकारी यांनी ‘नाही’चा प्रचार केला, पण वसाहतीच्या प्रशासनाने आपले वजन दुसऱ्या पारड्यात टाकले आणि ‘होय’ जिंकले. हा निकाल उलटवला की गिनी एकटा उरत नाही. मग १९७१मध्ये आर्ली इथे युरेनियमची खाण सुरू होते, तेव्हा पॅरिसला सौदा कुणाशी आणि कुठल्या अटींवर करावा लागतो, ते लिहायला घ्यावे.